दोन्ही वाट्यांत बर्फी

भुईगावच्या कृष्णाबाईंना चार मुलगे. एवढ्या एका कर्तबगारीवर त्यांना गेली तीस वर्षं आसपासच्या प्रत्येक डोहाळजेवणाला मानाचं बोलावणं असतं. ओटी भरायची आणि दोन झाकलेल्या वाट्या मांडायच्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. गरोदर बाईनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सोनोग्राफीच्या दवाखान्यात हे सांगायला कायद्यानं बंदी आहे, तसा बोर्डच लावलेला असतो. मिठाईवर अजून बंदी आलेली नाही. चार मुलग्यांच्या आईचा हात लागला की पेढाच निघतो, असा समज. प्रत्यक्षात निम्म्या वेळा बर्फी निघे, पण त्यानं समजाचं काही बिघडलं नाही.

हे चौघे म्हणजे मुलीसाठी केलेले चार प्रयत्न होते, हे कृष्णाबाईंनी फक्त शेजारच्या बेलाला सांगितलं होतं. त्या जीवदानीला नवस बोलायच्या आणि बेला त्यांच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावून यायची. दोन्हीकडून मुलगेच आले. चौथ्या वेळी त्यांनी आधीच फ्रॉक शिवून ठेवले आणि झाला अल्पेश. कापड चांगलं होतं, त्यामुळे तो दोन वर्षांचा होईपर्यंत फ्रॉकमध्येच वावरला. फोटो आहे.

मुलगे वाईट नाहीत. जेवायला बसले की चौघांत मिळून दोन वाक्यं बोलतात, त्यातलं एक मीठ मागण्याचं. कृष्णाबाईंचं गर्भाशय काढलं तेव्हा चौघे चार मोटरसायकली घेऊन दोन दिवस दवाखान्याबाहेर उभे होते. पण कुठे काय दुखतंय, हे त्यांना कसं सांगणार? केस विंचरायला बेला आली. तेव्हापासून घरात एक तरी मुलगी हवी, ही इच्छा सुनांकडे सरकली. थोरल्या तिघींनी नेमानं नातू दिले.

उरली धाकटी, अल्पेशची बायको आर्या. माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, नोकरी करणारी. तिचं डोहाळजेवण भुईगावलाच झालं आणि वाट्या अर्थातच सासूबाईंनी मांडल्या. आर्यानं डावी उघडली. बर्फी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना फारसं बरं वाटलं नव्हतं त्यांनी जरा जास्तच. आर्याची आई मनोरमाबाई म्हणाल्या की हिचा हात उजवीकडेच जात होता, थोडक्यात हुकला. हुकलेल्या पेढ्याचं निदान दर्शन घ्यावं म्हणून त्यांनी दुसरी वाटी उघडली. त्यातही बर्फी.

"हे काय हो, विहीणबाई?"

"पेढे संपले," कृष्णाबाई म्हणाल्या. त्यांच्या मागे ताटात दोनेक किलो पेढे रचलेले होते.

थोरली सून रीमा म्हणाली, "आमच्या वेळी बरे उरले होते."

हशा झाला आणि पंगतीची गडबड सुरू झाली. बाकीच्यांचा विषय तिथे संपला, आर्याचा संपला नाही. सासूबाई मागच्या पडवीत केळीची पानं पुसत होत्या, तिथे ती गेली.

"आई, मुलगा झाला तर?"

"होईल ते होईल."

"तसं नाही. अल्पेश झाला तेव्हा तुम्ही दोन दिवस त्याला हातात घेतलं नव्हतं. त्यानंच सांगितलंय मला. माझ्या बाळाला घ्याल का, एवढंच सांगा."

अल्पेशला हे माहीत आहे, हे कृष्णाबाईंना माहीत नव्हतं. सांगणारी बेलाच असणार. चौतीस वर्षं तो आपल्याशी मोजकं बोलतो, त्याचं कारण त्यांनी 'मुलगे असलेच' असं लावून ठेवलं होतं. मुलगी हवी म्हणणं हे मुलगा हवा म्हणण्यापेक्षा पुण्याचं, असंही त्या धरून चालल्या होत्या. नको असलेल्या बाळाला हा फरक कळत नाही, हे बहुधा तिथे पडवीत त्यांच्या लक्षात आलं असावं. कारण एकच पान त्या बराच वेळ पुसत राहिल्या.

"तवा मी येडी होते," त्या म्हणाल्या. "आनि खोटं कशाला बोलू, मना अजून पोरगीच पायजे." पान बाजूला ठेवून त्या पुढे म्हणाल्या, "पन पोरगा झाला तर तुझ्या अगोदर घेईन."

"माझ्या अगोदर नको," आर्या म्हणाली. "नंतर घ्या."

मुलगाच झाला. नर्स बाळाला बाहेर घेऊन आली तेव्हा कृष्णाबाईंना चेहरा काही सांभाळता आला नाही. डोळ्यांतून पाणी आलं. मनोरमाबाईंनी ते आनंदाश्रू ठरवून टाकले. पण हात सगळ्यांच्या आधी पुढे होते. बाळाला घेऊन त्या बाकावर बसल्या आणि अर्धा तास त्यांनी त्याला कोणाच्या हाती दिलं नाही. मनोरमाबाई दोनदा मागून परत गेल्या.

शेवटी अल्पेश समोर येऊन उभा राहिला.

"दमली असशील. दे इकडे."

"नाय दमले," कृष्णाबाई म्हणाल्या. जरा सरकून त्यांनी बाकावर जागा केली. "तू बस हितं."

तो बसला.