मामींचा निरोप

दुपारी तीन वाजता भाच्याने चाळीस किलोमीटरवरच्या गोदामाचा संपर्क तोडून टाकला. ऑफिसात बसून ज्या इंटरफेसमधून, म्हणजे ज्या दारातून, तो तिथल्या राउटरमध्ये शिरला होता, त्याचाच आयपी पत्ता त्याने बदलला आणि स्वतःच बाहेर फेकला गेला. तिकडे मालाच्या गाड्या खोळंबल्या.

शेजारच्या टेबलावर मामा डबा आवरत होते. नेटवर्कच्या कामात हाडांची काडं केलेला माणूस. भाच्याला इथे नोकरीला चिकटवलं तेही त्यांनीच. लांबच्या राउटरला हात लावण्याआधी मामा त्याला हुकूम देऊन ठेवत, दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट हो. काम जमलं की हुकूम रद्द. फसलं तर राउटर मुकाट्याने जुन्या सेटिंगवर परत. भाच्याच्या मते हा म्हातारचळ होता.

“मामा, जरा घोळ झालाय.”

“दहा मिनिटं लावली होतीस?”

“दोन ओळींचं तर काम होतं.”

“तुझ्या दोन ओळी चाळीस किलोमीटर लांब असतात, शहाण्या.”

राउटर कपाटात कुलूपबंद, गेटपास मामांच्या नावाचा. जाणं त्यांनाच भाग होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. विस्मरणाच्या आजाराने मामी शुश्रूषागृहात होत्या, भेटायची वेळ चार ते पाच. आठ महिन्यांत मामींनी त्यांना ओळखलं नव्हतं. तरी मामा रोज जात आणि “आपण कोण?” ह्याचं उत्तर न कंटाळता नव्याने देत.

“एक दिवस नाही गेलो, तर तिला कुठं कळणार आहे,” म्हणत ते निघाले.

सव्वाचारला ऑफिसचा फोन वाजला. मामांचा मोबाइल गोदामाच्या गेटवर जमा होता. एका दिवसापुरती बदली आलेली नर्स बोलत होती. “बाई केव्हाच्या विचारताहेत.” मग खुद्द मामी, अगदी पूर्वीच्या आवाजात.

“कोण, तू होय? जेवलास का? हे कुठं अडकले? त्यांना म्हणावं, रोज येता ते कळतं मला. तोंडात नाव येत नाही, एवढंच.”

मामा सहाला शुश्रूषागृहात पोचले, हातापाया पडून आत गेले. मामी म्हणाल्या, “आपण कोण?”

दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, “काल माझ्यामागे कुणाचा फोन आला होता का?”

“गोदामवाल्यांचा,” भाचा म्हणाला.

पुढच्याच महिन्यात मामी गेल्या. निरोप द्यायचा तर आधी सांगावं लागणार, की त्या दिवशी त्या भानावर होत्या आणि तुम्ही माझ्यापायी कुलूप उघडत बसला होतात. भाचा रोज ठरवतो, रोज कच खातो.

काल मामा सहज म्हणाले, “मी रोज जायचो ते तिला कधी कळत असेल का रे?”

भाच्याने तोंड उघडलं.

“मामा, जरा पाणी देता?”

मामा उठून पाणी आणायला गेले.