शालनताईंनी न सांगितलेलं नाव

शालनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गडहिंग्लजला बियाण्याच्या दुकानात उभा होतो. "पावणं, कुठलं वाण देऊ?" दुकानदार विचारत होता आणि फोनवर ताईंचे पती सांगत होते, "पहाटे गेली ती..." काही न घेताच मी बाहेर पडलो.

डॉ. शालन कांबळे सोयाबीनच्या संशोधक होत्या. शिरोळकडच्या शेतमजुराची मुलगी. शिकून कोल्हापूरच्या संशोधन केंद्रावर आलेली. आमच्या शिवारात त्या पहिल्यांदा आल्या ते सोयाबीनवर तांबेरा रोग पडला त्या साली. पीक ऐन शेंगेत असताना पानं करपून गळत होती. ताईंनी एक पान उलटं करून त्यावर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली विटकरी भुकटी माझ्या वडिलांना, आबांना दाखवली. मग म्हणाल्या, पुढच्या हंगामात मला थोड्या ओळी द्या, नवी वाणं लावून बघते. पण त्या ओळींवर औषध मारायचं नाही. आबा उखडलेच. "आजारी माणसाला औषध देऊ नका म्हणताय व्हय?" ताई शांतपणे म्हणाल्या, "आबा, औषधाशिवाय कोण तगतंय तेच तर बघायचं हाय." आबांनी ओळी दिल्या.

दोन वर्षं सगळ्या ओळी जळाल्या. तिसऱ्या वर्षी एक ओळ हिरवीगार उभी राहिली. मला तर सोनं सापडल्यासारखं झालं. बियाणं मागितलं तर ताई म्हणाल्या, "एवढ्यात न्हाय. ह्याची खोड अजून मला कळलेली न्हाय." मी थांबलो नाही... काढणीच्या आधल्या दिवशी त्या ओळीतली ओंजळभर बी मी काढून घेतली, दोन हंगाम गुपचूप वाढवली, एकरभर पेरली आणि दोघा शेजाऱ्यांनाही दिली. "ताईंनीच दिलंय," असं सांगून. तांबेरा आला, आमची रानं हिरवी राहिली. पण ऑक्टोबरच्या उन्हात शेंगा वाळल्या आणि काढणीला दोन दिवस उशीर झाला तेवढ्यात तडातड फुटल्या. निम्मं पीक मातीत.

शेजारी खवळले. ताईंना गावात बोलावलं. देवळासमोरच्या पारावर माणसं जमली. तुकाराम काका, त्या शेजाऱ्यांपैकी एक, ओरडले, "तुमच्या बियाण्यानं वाटोळं केलं की आमचं!" ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "बियाणं माझ्या प्लॉटातलं हाय. ते बाहेर गेलं, ह्याला जबाबदार मी." बस्स, एवढंच. पुढे केंद्रावर त्यांची चौकशी झाली. तरी नाव सांगितलं नाही.

त्यांनी काम मात्र सोडलं नाही. शेंग न फुटणाऱ्या वाणाशी त्या ओळीचा संकर केला आणि कित्येक हंगाम आमच्याच शिवारात येऊन निवड करत राहिल्या. आज आमच्या भागात तांबेऱ्यातही टिकणारं, शेंग धरून ठेवणारं जे सोयाबीन उभं असतं, ते त्यातूनच आलेलं.

त्या आजारी पडल्यावर भेटायला गेलो. बोलायचं होतं, पण तब्येतीचंच विचारत बसलो. त्याच म्हणाल्या, "बी कुणी नेलं ते मला तवाच ठाऊक होतं. पण तुमच्या एकरानं जे दाखवलं, ते माझ्या एका ओळीनं दाखवायला आणखी चार वर्षं लागली असती." मग, "तरी विचारायला पायजे होतं..." म्हणाल्या.

कोल्हापुरात त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, गावातून आम्ही पाच जण गेलो; त्यात तुकाराम काकाही होते. दोन शब्द बोलायला कोण उभं राहतंय असं विचारलं, तेव्हा मी उठलो आणि सगळं सांगून टाकलं. ताईंच्या पतींनी फक्त मान डोलावली. त्यांना ते केव्हाच ठाऊक असावं.

परतताना गाव जवळ आलं तेव्हा तुकाराम काका गाडीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आदी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. पारावरच्या त्या दिसापासनं ती बाई रानात येत हुती, उन्हातान्हात उभी ऱ्हात हुती... आणि आमी तिला कदी घोटभर च्या सुदीक दिला न्हाय."