सर्व्हरवरचं अर्धं गाणं

भूत-बित असले विषय निघाले की मी उठून चहा टाकायला जाते. लोणखेड्याच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. मशीनने विचित्र काही केलं की आधी केबल तपासायची, मग माणूस... एवढंच मला ठाऊक. दोन्ही तपासून झालं, म्हणून हे लिहितेय.

माझी मैत्रीण रमिला त्याच कॉलेजात शिकवते. तिचं माहेर काठी गावाच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर. तिथे मोबाईलला रेंज नाही. तिच्या आईला लग्नाची, होळीची पुष्कळ जुनी गाणी येतात. ती पाड्यातल्या सगळ्यांना ऐकता यावीत म्हणून आम्ही त्यांच्या घरात छोटा सर्व्हर बसवला — माझा जुना कॉम्प्युटर, एक राउटर आणि सोलरची बॅटरी. पाड्याचा स्वतःचा क्लाउड म्हणा ना! इंटरनेट नाहीच. अंगणात येऊन वाय-फाय जोडलं की फोनवर गाणी वाजतात. फाइल टाकायचा पासवर्ड मात्र फक्त माझ्याकडे.

गाणी मीच माझ्या फोनवर रेकॉर्ड केली. एका लग्नगीतात मावशी — रमिलाच्या आईला मी मावशी म्हणते — मध्येच थांबल्या. त्या भिलीत काहीतरी पुटपुटल्या.

"पुढचं तिला येत नाही," रमिलाने सांगितलं. "ते तिची मोठी बहीण म्हणायची, सेमटी."

सेमटी लग्नाआधीच ऊसतोडीला गुजरातेत गेली होती, ती परत आलीच नाही. तापाने गेली, असं सोबतच्यांनी येऊन सांगितलं. मी अर्धंच गाणं सर्व्हरवर टाकलं.

होळी झाल्यावर पुन्हा गेले तर शेजारची एक बाई म्हणाली, "ते गाणं पूर्ण केलं, बरं झालं."

मी लावून पाहिलं. फाइल तीच. मागे कोंबडा आरवतो, मी खोकते, मावशी थांबतात... आणि जिथे नुसती शांतता असायला हवी, तिथे दुसरी कुणीतरी पुढची ओळ उचलते आणि शेवटपर्यंत गाते. माझ्या फोनमधली मूळ फाइल लावली. तिच्यात मावशींच्या पुटपुटण्यापलीकडे काही नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये मी फाइल टाकल्याची नोंद आहे. त्यानंतर कुणी तिला हात लावल्याची नाही.

पाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी शब्द बरोबर असल्याचं सांगितलं. त्यांनाही ते ऐकूनच आठवले.

मावशींनी फोन कानाशी धरून गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. रडल्या नाहीत.

"सेमटीच आहे," रमिलाने त्यांचं बोलणं सांगितलं. मग ती जरा अडखळली. "आई म्हणतेय... केवढी म्हातारी झालीय."

तो आवाज खरंच म्हाताऱ्या बाईचा होता. गेली तेव्हा सेमटी तरुण मुलगी होती.

रमिला आणि तिचा भाऊ गुजरातेत जाऊन आले. ऊसतोडीच्या जुन्या टोळीतलं जे कोणी सापडलं, त्याला विचारलं. काही हाती लागलं नाही. माझ्या नवऱ्याचं म्हणणं सरळ — "कोन्हीतरी तुन्हा पासवर्ड चोरा व्हई." चोरला असेल. पण ते गाणं कुणाला येत होतं?

मागच्या खेपेला मावशींनी मला समोर बसवून फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायला लावलं. या वेळी त्या गायल्या नाहीत, बोलल्या; रमिला मला अर्थ सांगत गेली. बहिणीला नावाने हाक मारून, कोण कोण गेलं, कुणाला नातवंडं झाली, विहिरीला पाणी किती आहे, सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, जेवतेस ना? मग मला म्हणाल्या, हे टाक त्यात.

मी टाकलं.

परत येताना गाडीत मी रमिलाला म्हटलं, "अगं, त्या मशीनमधून आवाज बाहेर कुठेच जात नाही. इंटरनेटच नाही तिथे."

"मला माहितेय," ती म्हणाली. "पण आत तरी कुठून आला?"

त्या मशीनमधून बाहेर काही जात नाही, हे मावशींना आम्ही दोघींनीही सांगितलेलं नाही.