पडवीवरचे पत्रे

कौलं परतणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. भर उन्हात वाशांवर पाय जपत चढायचं, कौल उचलून पालापाचोळा झटकायचा, वानरांनी फोडलेलं काढून नवं घालायचं. खालच्या रांगेपासून वर मोभापर्यंत. आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा तेच. दादाला दम्यामुळे चढवत नव्हतं, म्हणून रोह्याच्या कंपनीतून सुट्टी काढून मी गावच्या घरी, जोह्याला जायचो. वैताग यायचा.

नव्वदनंतरच्या एका मेमध्ये मी ठरवलं, पडवीवर तरी सिमेंटचे पत्रे घालायचे. कंपनीतल्या एकानं घर बांधलं होतं, त्याच्याकडून शिकून घेतलं. उतार किती ठेवायचा, एक पत्रा दुसऱ्यावर किती चढवायचा, भोक उंचवट्यावर पाडायचं, पन्हळीत नाही. सगळं तसंच केलं. कौलं परसात रचून ठेवली.

"आता तुमच्या मूर्तींवर थेंब पडायचा नाही," मी वहिनीला म्हणालो.

"पडत व्हता कवा?" ती म्हणाली.

पडवीत ती शाडूचे गणपती वाळत ठेवायची. घर त्यांच्यावरच चालायचं. पुढच्या उन्हाळ्यात मी बाकीची कौलं परतायला गेलो, तर गणपती तडकायला लागले होते. कुणाचा कान, कुणाची सोंड. ती ओल्या मातीनं चिरा बुजवायची, दोन दिवसांत शेजारी नवी चीर.

"भावजी, ही माती कशी आली म्हणायची?"

दुपारी मी पत्र्याला आतून हात लावला होता. क्षणभरही ठेववेना. कौलांच्या फटींतून वारा खेळायचा, गणपती सावकाश सुकायचे. इथे वारा जायला जागाच नव्हती, नुसती भट्टी. कळलं होतं मला. तरी म्हणालो, "मातीच वाईट दिसतेय."

मग तिनं मातीवाल्याला दारातच फैलावर घेतलं. तो बिचारा शपथा घेत होता आणि मी चहा पीत बसलो होतो. तिनं दुसरीकडून माती आणली. तीही तडकली. जागा पुरेना म्हणून त्याच मातीचे काही गणपती तिनं स्वयंपाकघरात ठेवले, चूल अंगणात मांडली. स्वयंपाकघरावर कौलंच होती. त्यातला एकही तडकला नाही.

"माती तीच हाय, भावजी," एवढंच म्हणाली.

मी पत्रे उतरवायला चढलो. खालून ती परसातली कौलं देत होती. छपराचं निम्मं पाखं झाल्यावर मला राहवलं नाही, म्हणालो, "वहिनी, पत्रे मी मूर्तींसाठी नव्हते घातले. दरवर्षी तेवढं तरी चढायला नको, म्हणून घातले. आणि पत्रा तापतो, हे तुमच्या आधी मला कळलं होतं."

तिनं हातातलं कौल वर दिलं.

"चढायचा कंटाळा, ते माला ठावं व्हतं. तसं बोलला असतात तर मी गडी लावला असता. तापतंय ते कळलं नि गप बसलात, ते काय बोलायचं?"

मी कौल बसवलं. ते नीट बसेना, दोनदा काढलं.

"खालचं सरकलंय," ती म्हणाली. "आनि उतरलात की त्या मातीवाल्याकडं जाऊन या. मी नाय जायची."