पेडल कधी सोडायचं

कॉलेजच्या संगीताच्या खोलीत डिजिटल पियानो आला तेव्हा मॅडमनी विचारलं, "पेटी कुणाला येते?" मी हात वर केला. कंधारजवळच्या आमच्या गावात बाबा भजनात पेटी वाजवतात, त्यांच्याशेजारी बसून मीही शिकले. मॅडम म्हणाल्या, "मग हेही येईल. पट्ट्या त्याच." लातूरला येऊन माझं दुसरं वर्ष सुरू झालं होतं, पण मला येतं असं काही कुणी विचारलं ते पहिल्यांदाच. स्नेहसंमेलनात आमच्या वर्गातली एक मुलगी गाणार होती. तिला मी साथ करायची असं ठरलं.

पट्ट्या त्याच होत्या हे खरं. बाकी काहीच तेच नव्हतं. पेटीवर माझा डावा हात भाता मारतो. इथे भाता नव्हता, तरी हात आपला मधूनच हवेत हलायचा. खाली फरशीवर वायरीनं जोडलेलं एक पेडल होतं. ते दाबून धरलं की बोट उचलल्यावरही सूर चालू राहायचा. मला ते लगेच आवडलं, कारण बाबांची पहिली शिकवण तीच: गाणाऱ्यानं दम घेतला तरी पेटीनं घ्यायचा नाही. मधे पोकळी पडली की मागे म्हणणारे सूर सोडतात. मी पेडल दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

नुसत्या पियानोत ते कसंबसं खपलं, कारण सूर हळूहळू विरून जायचे. मग मॅडम म्हणाल्या, "जरा भरीव पाहिजे," आणि त्यांनी पियानोच्या आवाजाला पुष्कळशा व्हायोलिनांचा आवाज जोडला. आता एक पट्टी दाबली की दोन्ही आवाज एकदम. पहिली ओळ इतकी छान वाजली की मला भीतीच वाटली. दुसऱ्या ओळीत गाणारी थांबली. मीही हात उचलले. आवाज थांबला नाही. मागचे सगळे सूर न विरता एकमेकांवर चढून तसेच उभे.

"कोण वाजवून राहिलंय?" मी विचारलं.

"तूच की!" तबल्यावरचा वर्गमित्र हसला. "आमच्याकडं लग्नात जनरेटर असाच घुमतो."

मॅडम गाणं शिकवतात. या यंत्रातलं त्यांनाही फारसं ठाऊक नव्हतं. "शनिवारी ऐकते," त्या म्हणाल्या. "जमलं नाही तर मोबाइलवरचा ट्रॅक लावू."

संध्याकाळी मी बाबांना फोन केला.

"पायाजवळ काय हाय म्हनलीस?"

"पेडल. पायानं दाबायचं."

"मंग हवा कमी पडून राहिली आसंल. दाब की जोरात. सोडू नको."

"बाबा, यात हवा न्हाई. लाइटवर चालतं."

"मंग आवाज कुठून येतो?"



पुढचे दिवस मी काहीबाही करून पाहिलं. आवाज कमी केला, तर तोच गोंधळ कमी आवाजात ऐकू आला. पेडलला पायच लावला नाही, तर सूर तुटक तुटक पडायला लागले. पेडल बिघडलंय असंही वाटून गेलं. शेवटी गाणारीच वैतागली. ती नांदेडची, मनातलं तोंडावर बोलणारी.

"अगं, मी श्वास घेते तिथं तुझी मागची ओळ माझ्या कानात ओरडती. मला पुढचा सूर सापडंना. थांब ना तिथं जरा."

"तिथं थांबायचं नसतं."

"कोण म्हणतं?"

"आमच्या गावात."

"माझ्यामागं तुझं गाव बसलंय का म्हणायला? मी एकटीच तर हाय!"

शनिवारी मॅडम डोळे मिटून ऐकायला बसल्या. गाणारीनं पहिला श्वास घेतला आणि मी पाय उचलला. खोली एकदम रिकामी झाली. हातातलं काहीतरी खाली पडलं असंच वाटलं. पण तिनं पुढचा सूर अगदी नेमका उचलला आणि मी पुन्हा पेडल दाबलं. असं चार-पाचदा जमलं. अंतऱ्यात मात्र ती एक लांब ओळ एका दमात गाते. तिथे पाय उचलायला जागाच सापडली नाही आणि पुन्हा सगळं गढूळ झालं.

मॅडमनी डोळे उघडले. "ट्रॅक नको. तूच वाजव. काय केलंस आता?"

"पाय उचलला."

"मग उचलूनच ठेव."

"न्हाई मॅडम, मग तुटतं. दाबायचंच, पण ती श्वास घेते तेव्हा..."

"आणि अंतऱ्यात ती घेतच नाही, तिथे?"

मी ती ओळ मनात पुन्हा म्हणून पाहिली. ट्रॅक लागणार नाही याचा आनंद व्हायला हवा होता, पण मी त्या ओळीतच अडकून पडले होते.

मॅडम बाहेर गेल्यावर गाणारी माझ्याजवळ आली. "मी मधे कुठंतरी श्वास घेऊ का?" तिनं हळूच विचारलं. "तुझ्यासाठी?"

हो म्हणावं की नको, तेही मला कळेना.