टाकीच्या झाकणावरचा स्क्रू

सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सध्याची पोस्टिंग ओटावा, मुलीच्या घराचं बेसमेंट. केतकी इथल्याच कनाटा उपनगरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने एक जुनी ॲल्युमिनियमची बोट घेतली. मागे लावायची मोटर आणि पेट्रोलची सुटी टाकी बोटीसोबतच आली. बोट चालवायच्या परवान्याचं कार्ड केतकीकडे, म्हणून कागदोपत्री कमांडर ती. मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये असताना पुराच्या पाण्यात बोटी चालवल्या आहेत, पण इथे माझी रँक हेल्परची.

मोटरीने पहिल्या दिवसापासून छळायला सुरुवात केली. ड्राइव्हवेमध्ये पाण्याच्या पिंपात चार-पाच मिनिटं लावली की झकास चालायची. तळ्यावर नेली की दहा मिनिटांत जोर कमी व्हायचा, मग मान टाकायची.

"बाबा, मेकॅनिकची अपॉइंटमेंट बुक करू का?"

"तो नुसतं बघायचेच इतके मागतो की त्यात दुसरी मोटर येईल. आधी स्वस्तातलं तपासू."

स्पार्क प्लग बदलले. फिल्टर बदलला. पंख्यात गवत अडकलंय का पाहिलं. पेट्रोल ताजं भरलं. तरी घरी चालू, तळ्यावर बंद. माझी मतीच गुंग झाली. उभी हयात इंजिनं हाताळलेल्या माणसाला या डबड्याने वेड्यात काढलं होतं.

चौथ्या रविवारी सकाळी १०:२० ला जोर पुन्हा गेला. टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर एक रबरी बल्ब असतो. तो दाबून पेट्रोल पुढे ढकलतात. मी तो हातात धरला. चपटा. सोडला तरी फुगेना. टाकी तर अर्धी भरलेली.

केतकीने टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू चाचपला. "बाबा, हा इतका टाइट का आहे?"

तिने तो सैल केला. टाकीने सूं करून हवा ओढली. बल्ब फुगला. मोटर सुरू झाली आणि परतेपर्यंत चालली.

"हू क्लोज्ड इट? मी तर नाही हं केला."

मीच केला होता, टाकी गाडीत ठेवताना. टाकी उचलायची तर हवा बंद, म्हणजे पेट्रोल सांडत नाही. हे आमचं ड्रिल. हात आपोआप करतात. पाण्यात उतरलं की हवा उघडायची, हे ड्रिलचं उरलेलं अर्धं. नाहीतर इंजिन पेट्रोल ओढत राहतं, आत हवा जात नाही आणि पेट्रोल यायचं थांबतं.

केतकी खूश होती. तसा चपटा बल्ब मी आधी एकदा हातात धरला होता.

कृष्णाकाठी पूर होता. मी हवालदार, बोटीचा कमांडर. नाईक दत्ताराम शेलार माझा ऑपरेटर, इंजिनाची देखभाल त्याच्याकडे. बोटीत गावातली आठ माणसं. वाटेत रस्त्याचा भराव आडवा आला. माणसं उतरवली, बोट उचलून पलीकडच्या पाण्यात टाकली. टाकी मी उचलली. १४:५० ला निघालो. १५:०० ला पॉवर गेली. वायरलेसवर कंट्रोलने विचारलं.

"बोट थ्री, काय प्रॉब्लेम? ओव्हर."

"पॉवर नाही. वाहत चाललोय. ओव्हर."

"कारण?"

"समजत नाही. ओव्हर."

बोट पुलाकडे ओढली जात होती. दत्ता म्हणाला, "उस्ताद, तुम्ही इंजिन बघा. मी दोर बांधतो." त्याने उडी मारली आणि विजेच्या खांबाला दोर बांधला. बोट थांबली. वरून आलेल्या ओंडक्याने त्याला खांबापासून तोडून नेलं. मी तेव्हा चपटा बल्ब सोडून प्लग काढत होतो. १५:२५ ला दुसरी बोट आली. आठही जण वाचले. दत्ता दुसऱ्या दिवशी मिळाला.

चौकशीत लिहिलं गेलं, इंजिनाची देखभाल अपुरी. तेच इंजिन नंतर दुसऱ्या टाकीवर पहिल्या झटक्यात सुरू झालेलं मी पाहिलं होतं. कसं ते कळलं नाही, म्हणून मी बोललो नाही. त्याची मला लाज वाटते.

तळ्यावरून आल्यावर तीन दिवस तोच भराव डोळ्यांसमोर आणत राहिलो. स्क्रू बंद केल्याचं आठवतं. उघडल्याचं आठवत नाही. उघडला असेलही. चित्र पुढे सरकतच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दत्ताच्या बायकोला, सुमनवहिनींना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

"वहिनी, त्या दिवशी टाकीची हवा मी बंद केली होती. उघडल्याचं आठवत नाही. इंजिन त्यामुळेच बंद पडलं असणार."

 

"भाऊजी, म्हणजे ह्यांची चूक नव्हती?"

"नव्हती."

"सासरे जाईपर्यंत म्हणत होते, पोरानं इंजिन नीट बघितलं असतं तर."



"थांबा," त्याच पुढे म्हणाल्या. "आमच्या संदीपला बोलावते. त्याला तुमच्या तोंडून सांगा."

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. फोनवर दत्ताच्या मुलाचा आवाज आला. मी रिपोर्ट दिला.

"नाईक दत्ताराम शेलार, बोट थ्री. त्याचं इंजिन ठीक होतं."