शेपटीकडून निघालेला साप

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून सापासारखा सरपटणारा रोबो करायचा, ही कल्पना माझी. माझा जोडीदार श्रीगोंद्याचा. त्याचं म्हणणं, "साप कशाला करायचा? आमच्या उसात लई हायेत." पण नव्वदच्या त्या दशकात नगरमध्ये असलं काही कुणी केलं नव्हतं आणि मला परीक्षकांवर छाप पाडायची होती. एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं मला नोकरी देऊ केली होती, पण पास झाले तरच. वडिलांना तेवढाही दम नव्हता. त्यांनी आमच्या भिंगार गावभर पेढे वाटून टाकले होते. नापास झाले तर कुठल्या तोंडानं बाजारात जायचं, या विचारानं माझी झोप उडाली होती.

लाकडी ठोकळे बिजागऱ्यांनी जोडले आणि प्रत्येक सांध्याला जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार बसवली. बटण दाबलं की साप जोरजोरात वळवळायचा, पण जागच्या जागी. मग लक्षात आलं की खऱ्या सापाच्या पोटाला खवले असतात. ते जमिनीला अडकतात, म्हणून साप पुढे सरकतो. परीक्षेच्या आदल्या रात्री तेलाचा डबा कापून आम्ही पत्र्याचे खवले केले. त्यांची टोकं डोक्याकडे ठेवायची की शेपटीकडे, यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. माझा आवाज मोठा, म्हणून टोकं डोक्याकडे.

परीक्षेच्या सकाळी लॅबच्या गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरलं आणि बटण दाबलं. साप ऐटीत निघाला, पण शेपटीकडून. खवले रिव्हेट मारून पक्के केलेले, आणि बाहेरून आलेले परीक्षक शेजारच्या टेबलापर्यंत पोचलेले. मला रडूच कोसळणार होतं. जोडीदारानं सापाचं डिंकानं चिकटवलेलं पुठ्ठ्याचं डोकं उपटलं आणि चिकटपट्टीनं शेपटीवर बसवलं. शेपटीतून बाहेर पडणारी वायर आता सापाच्या तोंडातून येऊ लागली.

परीक्षकांसमोर साप गोणपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झकास गेला.

"ही वायर तोंडातून कशी काय?" त्यांनी विचारलं.

"जीभ हाय सर," जोडीदार म्हणाला.

"आणि मागच्या टोकाला हा डिंक कसला?"

जोडीदार लगेच म्हणाला, "मांडूळ हाय सर ते. त्याला दोन्हीकडं तोंड असतंय. सहा म्हैने हिकडून चालतंय, सहा म्हैने तिकडून. आमच्याकडं समदे सांगत्यात."

परीक्षक गोणपाटाशेजारी उकिडवे बसले. एक खवला त्यांनी नखानं उचलून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं.

"मग मार्क आता देऊ," ते म्हणाले, "की तिकडून चालायला लागल्यावर?"

"आत्ताच द्या सर," मी कशीबशी म्हणाले.

मी पास झाले, नोकरीही मिळाली. साप दोघांचा एकच, पण मार्क जोडीदाराला माझ्यापेक्षा जास्त. त्याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.